मागचा आकडा

ती मुलगी मीटरकडे न पाहताच ‘झालं’ म्हणाली, तेव्हा माझ्या हातातलं सूप जरासं कलंडलं. फार नाही, चार दाणे तांदूळ सांडले असतील. मीटर आमच्या जिन्याखालच्या भिंतीवर आहे. तिने मोबाइल वर धरला, पांढरा उजेड एकदा चमकला आणि ती मोबाइलकडे पाहतच मागे वळली. मीटरकडे तिची पाठ झाली होती. मी विचारलं, “झालं का वं? आकडा तर लिहिलाच नाही.” ती म्हणाली, “आकडा हाच वाचते आजी. मले काही करा लागत नाही. फोटो काढला की हा वाचून ऑफिसात पाठवून देते. पण तुमच्या घरात नेट येऊन नाही राहिलं. फोटो गेला की निघते मी.” एवढं बोलून ती जिन्याच्या खालच्या पायरीवर टेकली. शामला तिचं नाव. तिसराच महिना तिचा आमच्या सक्करदऱ्यात. आधी एक माणूस यायचा, तो घंटी न वाजवताच फाटकातून हात घालून फोटो काढायचा. ही निदान आत येते, ‘आजी’ म्हणते.

मी पुन्हा तांदूळ निवडायला लागले. घरात त्या वेळी मी एकटीच असते. मुलगा आणि सून कामाला गेलेले असतात. अलीकडे मी निवडलेल्या तांदळात सुनेला खडे सापडतात. ती काही बोलत नाही, ताटाच्या कडेला गुपचूप ठेवते, आणि मी गुपचूप पाहते. दारात माणूस आला की मी आधी त्याचा आवाज येऊ देते, मग नाव घेते. वय झालं, घरातले दिवेही आता कसले ते पांढरेफटक, त्यांचा उजेड पसरतो आणि हाती काही लागत नाही, असं मी स्वतःला सांगते. ते खरं आहे की नाही, याच्या खोलात मी गेले नव्हते. पण ‘न पाहता झालं’ हे तिचं वाक्य घरात रेंगाळत राहिलं. मोरीपर्यंत गेलं, देवघराकडून परत आलं आणि माझ्याशेजारी येऊन बसलं. न पाहता आकडा सांगणारा एक माणूस मी फार जवळून पाहिला होता. त्याच्या हातात मात्र मोबाइल नव्हता.

आमचे हे लाइट ऑफिसात मीटर वाचायला होते. नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्या यांच्याकडे होत्या, आणि तिथे यांना सगळे मीटरवाले चंद्रभानजी म्हणत. त्या काळचं मीटर काळं, जड असे, आणि त्याच्या पोटात एक भिंगरी फिरत असे. काचेआड पाच लहान घड्याळं एका ओळीत, प्रत्येकात एकच सुई. घड्याळं म्हणायची खरी, पण एकीची सुई उजवीकडे फिरे, तिच्या शेजारणीची डावीकडे, पुन्हा तिसरीची उजवीकडे. मीटरजवळ खिळ्याला एक कार्ड टांगलेलं असे. महिन्याला येणारा माणूस पाची सुया वाचून कार्डावर तारीख, आकडा आणि सही टाकी. तोच आकडा आपल्या वहीत उतरवी, आणि वहीवरून ऑफिसात बिल निघे. हे महिन्याची सुरुवात आमच्याच घरापासून करत. सक्करदऱ्याचा वाचणारा दुसरा होता, पण त्याने आमचं एवढं एक कार्ड यांच्यावर सोडलं होतं. एक तारखेला आंघोळ करून, पायात काही न घालता, देवाला हात जोडून हे आमच्या मीटरखाली उभे राहत आणि आकडा मोठ्याने म्हणत. घरचा आकडा पहिला घेतला की महिना सरळ जातो, असं यांचं म्हणणं. मी चुलीजवळून तो आकडा ऐके. कळत काही नसे, पण ऐकल्यावर नवा महिना लागल्यासारखं वाटे. त्या वेळी अंगणात रातराणी होती. सकाळी तिची फुलं मिटलेली असत, आणि तरी वास मात्र कुठेतरी उरलेला असे.

एकोणसत्तर सालच्या जूनमध्ये ते कार्ड पुसताना माझं लक्ष गेलं. मे महिन्यात अठराशे शेहेचाळीस लिहिलं होतं, आणि जूनमध्ये अठराशे एकोणचाळीस. दोन्हींचं अक्षर यांचंच, दोन्ही सह्या यांच्याच. मी उमरेडच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. माझे वडील श्रावणजी मागावर लुगडी विणायचे, आणि मी त्यांना कांड्या भरून द्यायची. विणलेलं कापड उलगडत मागे जात नाही, एवढं मला कळत होतं. मीटर मागे जात नसतं हेही तेव्हाच कळलं, कुणी न सांगता. मी कार्ड परत खिळ्याला लावलं. मग मागचे काही महिने डोळ्यांपुढून गेले. हे ताटातली चटणी सोडून मीठ भाकरीला लावत. सदऱ्याचं बटण एक घर चुकून लागे. पेपर उघडा धरून बसत, पण पान उलटत नसे. डोळे दाखवले का, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाले होते, “दाखवले. चश्म्याचं काम नाही म्हणते डॉक्टर.” “मग कसं दिसते?” “धुकं आहे,” एवढंच. मी सक्करदऱ्याच्या तलावावरचं डिसेंबरचं धुकं मनात आणलं. पाणी, झाडं, पलीकडचा काठ, सगळं सारखंच पांढरं. तसं दिसत असेल या माणसाला, असं मी धरून चालले. ती माझी समजूत फार वर्षं टिकली.

पुढच्या एक तारखेला हे अनवाणी मीटरखाली येऊन उभे राहिले, आणि मी पाट घेऊन मधे गेले. म्हटलं, “थांबा. वर जाळं आहे, सदरा खराब होईन. मी पाहून सांगते.” हे हळूच म्हणाले, “काहून?” मी म्हटलं, “सदरा धुतलेला आहे म्हणून.” मग म्हणाले, “तुले वाचता येते का?” “शिकवा ना.” आमच्यामध्ये या विषयावर जे काही बोलणं झालं ते एवढंच. तुम्हाला दिसत नाही, असं मी म्हटलं नाही. मला दिसत नाही, असं हे म्हणाले नाहीत. त्या दिवशी दुपारी यांनी पाच थाळ्या पालथ्या घालून ओळीत मांडायला लावल्या, खडूने माझ्याकडून आकडे काढून घेतले आणि प्रत्येकीवर आगपेटीची एक काडी ठेवली. काड्या बोटांनी फिरवून विचारायचे, “आता?” आणि मी सांगितलं की बोटांनीच चाचपून पाहायचे, मी बरोबर आहे की नाही. एक सुई उजवीकडे, एक डावीकडे, हे मला लगेच उमजलं. आमच्या मागावर धोटा तसाच जायचा, एकदा इकडून, एकदा तिकडून. “वा,” हे म्हणाले, “ऑफिसात पोट्टे सहा सहा महिने चुकते यात.” मग सुई दोन आकड्यांच्या मधे असली तर काय करायचं ते सांगितलं. “मागचा आकडा घ्यायचा. पुढचा कितीही जवळ दिसला तरी मागचाच. पुढचा अजून झाला नाही ना वं.” हे वाक्य मला इतकं आवडलं की मी तोंडाने दोनदा म्हटलं. हे हसले. थाळ्या पुसल्या तरी खडूचा वास त्यांना राहिला, आणि रात्री जेवताना वरणाला खडूची चव लागली.

“आजी, पंखा लावू का? गरम होऊन राहिलं,” शामला म्हणाली. लाव म्हटलं. तिने मोबाइल उंच धरून अंगणापर्यंत एक फेरी मारली आणि परत आली. “अर्धा गेला अन् अडकला पहा.” मला गंमत वाटली. आमचा आकडा वाटेत कुठेतरी अर्धा होऊन हवेत थांबलाय. पंख्याच्या वाऱ्याने सुपातला कोंडा उडायला लागला.

थाळ्यांवर शिकून झालं, मग हे आणि मी दोघं महालात निघायला लागलो. हे सायकल घेत, पण बसत नसत. हातात धरून चालत. सायकलचं चाक पुढे जाऊन खड्डा, दगड, पायरी सगळं आधी सांगे, आणि सायकल धरून चाललेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. मी दहा पावलं मागे, हातात पिशवी, बाजाराला निघाल्यासारखी. मीटर बहुतेक स्वयंपाकघरात नाहीतर मधल्या खोलीत असायचं, आणि परका पुरुष तिथे आलेला बायकांना नकोच असायचा. हे ओट्यावरूनच म्हणत, “मी आत येत नाही, माझी बाई पाहून सांगते.” बायकांना त्याचं कौतुकच. मी आत जाऊन पाट ओढायची, आकडा आतून ओरडून सांगायची, हे बाहेर बसून वहीत लिहायचे, मग कार्डावर मी आकडा टाकून सही करायला बाहेर नेऊन द्यायची. रंभाबाई नावाची एक म्हातारी होती, तिला फार मजा वाटे. ती म्हणे, “चंद्रभान, तू तं बसून खातं गा. काम तं ही करून राहिली.” हे म्हणत, “मग तिलेच चहा दे, मले काहून विचारतं?” तीन वर्षांत मी महालातली किती घरं आतून पाहिली याची गणती नाही. कुणाच्या फडताळात काचेच्या बरण्या ओळीने, कुणाकडे मीटरच्याच खुंटीला कंदिलाची काच, कुणाच्या भिंतीवर पेन्सिलीने मुलांच्या उंचीच्या रेघा. उमरेडहून लग्न करून आलेली मी, नागपूर म्हणजे माझ्यासाठी आमच्या घरापासून विहिरीपर्यंत होतं. आता ते घरोघरच्या चुलींपर्यंत पसरलं. चालताना पुढे सायकलच्या चाकाची टकटक आणि मागे मी. अजून कधी डुलकी लागली की मी त्या गल्लीतच असते, आणि चाकाचा आवाज पुढच्या वळणावर असतो.

सुख होतं ते. पण त्यात एक कुसळ होतं, आणि ते मी कुणाला कधी दाखवलं नाही. यांनी माझ्याकडे पाहणं सोडलं होतं. आधी हे बोलताना समोर बघून बोलत, लग्न झाल्यापासून तशी सवय होती यांची, मलाच खाली पाहावं लागे. आता बोलताना नजर माझ्या डाव्या कानाच्या बाजूने, खांद्यावरून कुठेतरी जायची. खिडकी असली की खिडकीत, भिंत असली की भिंतीवर. मला वाटे, बायकोच्या जिवावर नोकरी करावी लागते याची लाज असेल. मग वाटे, लाज नाही, राग असेल. रस्त्यात तर आणखी चमत्कारिक. बाजूने येणारी गाय यांना बरोबर दिसे आणि हे सायकल वळवून घेत, पण समोरून येऊन कुणी नुसते हात जोडले तर हे तसेच निघून जात. मला लोकांची माफी मागावी लागे. मनात येई, गाय दिसते मग माणूस कसा दिसत नाही. पण तो विचार मी सुईसारखा मधेच सोडला, पुढे नेला नाही. एकदा मी चिडून डाव्या कानावरून पदर गच्च ओढून घेतला. यांनी लगेच विचारलं, “पदर काहून घेतला? मागं सार, चेहरा दिसून नाही राहिला.” मी म्हटलं, “चेहरा इकडे आहे, समोर.” मी मात्र तेव्हापासून त्या कानावर पदर ठेवायला लागले. आधी रागाने ठेवला, पुढे सवयीने. अजून आहे.

बहात्तर सालच्या थंडीत यांनी घरी येऊन सांगितलं की परवा साहेब येणार, महालातल्या एका गल्लीत सोबत फिरून आकडे तपासणार. शरच्चंद्र साहेब त्यांचं नाव. नवीन आले होते, तरुण होते, वाईट नव्हते. पण सोबत साहेब असताना बायको आत जाऊन ओरडून सांगते हे चालणार नव्हतं. डोळ्यांचं कळलं की वही हातातून जाणार, आणि वही गेली की हे घरच्या खाटेवर. यांनी तेव्हा ते बोलून दाखवलं नाही, फक्त म्हणाले, “घरात बसणारा माणूस नाही मी.” दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच त्या गल्लीत गेले. हळदीकुंकवाचं बोलावणं देत फिरल्यासारखी बेचाळीस घरं फिरले, बेचाळीस मीटरं वाचून आले. संध्याकाळी अंगणात बसून यांनी ते आकडे माझ्या तोंडून ऐकले, घराच्या क्रमाने. दोनदा ऐकले आणि तिसऱ्यांदा स्वतः म्हणून दाखवले. नुसते पाठ केले नाहीत. एका दिवसात कुणाचं मीटर किती पुढे जाईल तेही मिळवत गेले. “रंभाबाई एकटी, तिचा काटा हलत नाही. रेडिओवाल्याचा एक. सोनाराच्या मुलीची परीक्षा आहे, त्याचा एक धर.” प्रत्येक घर यांना आतून माहीत होतं, मी पाहिलं त्यापेक्षा जास्त. मी थक्क होऊन ऐकत होते. त्या माणसाच्या डोक्यात सबंध गल्ली दिवे लावून बसली होती. तरी धाकधूक म्हणून आम्ही एक ठरवलं. गल्लीच्या मधोमध सत्यवतीचं घर होतं. ती माझी मैत्रीण. तिच्या स्वयंपाकघरात मी सकाळीच पाहुणी म्हणून जाऊन बसायचं, आणि काही वेगळं असलं की तिच्याशी बोलतेय असं दाखवून मोठ्याने बोलायचं. माझा आवाज ऐकला की हे समजून घेणार.

त्या सकाळी मी हिरव्या काठाचं लुगडं नेसले. बाबांनी विणलेलं, त्यांच्या हातचं शेवटचं. नेसून यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, “कसं दिसते?” यांची नजर माझ्या डाव्या खांद्यावरून खिडकीकडे गेली. “चांगलं दिसते.” “पहा ना इकडे.” “पाहूनच राहिलो.” मी म्हटलं, “खिडकीले पाहून राहिले तुम्ही.” हे थोडं हसले, काही बोलावं असं तोंडाशी आलं असावं, पण मग सायकलचं हँडल धरून निघाले. मला आठवतं, अंगणात ऊन नुकतं येत होतं, लुगड्याचा काठ उन्हात चमकत होता, आणि तो पाहायला कुणी नव्हतं. मी मागच्या वाटेने सत्यवतीकडे गेले. ती भाजी चिरत होती. म्हणाली, “बरं झालं जयवंता आली. काल तू गेली अन् संध्याकाळी मीटर जळलं माझं, भकाभका धूर. पहाटे वायरमन येऊन नवीन बसवून गेला, पाह्य वर.” मी वर पाहिलं. भिंतीवर नवंकोरं मीटर होतं, पाची सुया शून्याला धरून. खाली कार्डही कोरं. मनात वाक्य तयार केलं, ‘नवीन मीटर बसवलं वाटते वं सत्यवती.’ तोंडातल्या तोंडात घोळवूनही पाहिलं. सायकलचं चाक गल्लीत वाजायला लागलं. एकेका घरातून यांचा आवाज येत होता, ठणठणीत, आणि मागून साहेबांचं ‘बरोबर, बरोबर.’ मला हसू येत होतं. मग दोघं आत आले. साहेब भिंतीकडे वळले. हे दारातून आत येताना एकदा माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्याकडे नाहीच, माझ्या शेजारच्या मोरीच्या झरोक्याकडे. आणि पुढे गेले.

तेवढंच झालं. इथेही नाही, असं मनात आलं. तीन वर्षं मी या माणसाचे डोळे होऊन वाचतेय, आणि हा मला इथेही पाहत नाही. वाक्य दातांच्या आत होतं. एक श्वास मी ते धरून ठेवलं, मुद्दाम धरलं, हे मी आज सांगताना लपवणार नाही. एक श्वास फार मोठा असतो. “चार हजार सातशे चौदा,” हे म्हणाले. साहेबांचं ‘बरोबर’ आलं नाही. तसा यांनी आकडा पुन्हा म्हटला, आणखी मोठ्याने, आणखी खात्रीने. भाजीच्या विळीवरून सत्यवती म्हणाली, “अजी चंद्रभानजी, ते तं जळलं ना. हे आजच बसवलं.” साहेबांनी नव्या मीटरच्या काचेवर बोट ठेवलं. मग यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या काठाच्या लुगड्याकडे. माणूस हुशार होता, दोन-तीन वेळा इकडून तिकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. वही मिटून म्हणाले, “चला चंद्रभानजी, चहा घेऊ.” यांनी दाराबाहेर टेकवलेल्या सायकलचं हँडल शोधलं. ते शोधताना यांचा हात दाराच्या चौकटीला लागला, हवेत गेला, मग ते सापडलं. मी ते पाहिलं.

नोकरी गेली नाही. पंधरा दिवसांनी सदर भागातल्या ऑफिसात रेकॉर्डाच्या खोलीत बदली झाली. वर्ष संपलेल्या वह्यांचे गठ्ठे सुतळीने बांधायचे, एवढं काम. बोटांचं काम होतं, ते यांना जमे. चौदा वर्षं यांनी ते केलं. मी सकाळी बसपर्यंत सोडायला जायची आणि संध्याकाळी आणायला. मधला दिवस घरात. माझ्या आवाजातले ते सगळे आकडे तिथे गठ्ठ्यांत बांधले जात असतील, असं मला दुपारी वाटत राही, आणि त्यांवर सह्या यांच्या आहेत, माझी कुठे नाही, असंही. गल्ली तुटली. रंभाबाई गेल्याचं चार महिन्यांनी कळलं. हे मला कधी काही बोलले नाहीत. फक्त एकदा, ऐंशी साल असेल, शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा म्हणाले, “त्या दिवशी तुझा आवाज आला नाही.” मी म्हटलं, “ठसका लागला होता.” “हं,” हे म्हणाले, आणि माझ्या कानाच्या बाजूला पाहत राहिले. किती तरी वेळ पाहत राहिले. मी पदर सारखा केला आणि उठून गेले. शहाऐंशीत हे गेले. शेवटच्या दिवसांतही तोंड भिंतीकडे असे आणि हाक मला.

“गेला, गेला पहा आजी,” शामला उठून म्हणाली. “गेला एकदाचा.” मी विचारलं, “किती आला गं?” जुनी सवय. आकडा कानावर पडला की महिना लागल्यासारखं वाटतं. “पहा ना तुम्हीच,” म्हणत तिने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. उजळ चौकोन होता. मीटरची करडी कड दिसत होती, भिंतीचा चुना दिसत होता, खाली तिचा अंगठा आणि त्याच्यावरचा नखरंग दिसत होता. मधे, जिथे आकडा असायला हवा, तिथे काही नव्हतं. अंधार नाही, पांढरंही नाही. कुणी बोट ओलं करून पुसून घेतल्यासारखं. मी मोबाइल जवळ ओढला, लांब धरला. बाजूचं सगळं स्वच्छ आणि मधलं तेवढं गेलेलं. घाबरून मी वर शामलाकडे पाहिलं. तिचे केस होते, कानातल्या निळ्या कुड्या होत्या, ओढणी होती; मधला चेहरा नव्हता. नजर सैरभैर होऊन तिच्या खांद्यावरून मागे, जिन्याच्या कठड्याकडे गेली. आणि ती तिकडे गेल्याबरोबर कडेला तिचा चेहरा उगवला. नाक, डावीकडचा तीळ, थोडे पुढे आलेले दात, सगळा. मी पुन्हा सरळ पाहिलं, गेला. कठड्याकडे पाहिलं, आला.

धुकं आहे, एवढंच म्हणाले होते हे. धुकं नुसतं मधोमध असतं हे कुठे सांगितलं होतं. पंखा फिरत होता. मला अंगणातलं नुकतं आलेलं ऊन दिसलं, बाबांच्या हातचा हिरवा काठ दिसला, आणि खिडकीकडे नजर लावून उभा असलेला माणूस. पाहूनच राहिलो, म्हणाला होता तो. सत्यवतीच्या दारात झरोक्याकडे वळला होता तोही तेवढ्यासाठीच. मी आलेय ना, कोणतं लुगडं आहे, बसलीय कुठे, एवढं बघून घ्यायला. आणि शेंगा फोडताना किती तरी वेळ. चौदा वर्षं रोज संध्याकाळी बसमधून उतरल्यावर. भिंतीकडे तोंड करून, शेवटीसुद्धा. आणि मी कानावर पदर.

“आजी,” शामला म्हणाली, “मी इकडे आहे. तिकडे काय पाहून राहिल्या तुम्ही?”

“तुलेच पाहून राहिली वं,” मी म्हटलं.

ती हसली. कठड्याच्या कडेला मला तिचं हसू पूर्ण दिसलं. मग तिने ओढणी सावरली, आकडा मोठ्याने वाचून सांगितला आणि शेजारच्या घरी गेली. फाटक वाजलं. मी सूप खाली ठेवलं, आणि डाव्या कानावरचा पदर मागे सारला.